तळघराची लांबी

पुण्याहून आलेली मेल मी ऑफिसात उघडली. मजकूर वाचायच्या आधी तारीख पाहिली, पाठवणाऱ्याचा पत्ता पाहिला, जोडलेल्या फाइलची आवृत्ती पाहिली. मस्कतजवळच्या बौशरमधल्या एका बांधकाम कंपनीत मी वीसहून जास्त वर्षं डॉक्युमेंट कंट्रोलर आहे. नकाशे येतात, नकाशे जातात. कोणता नकाशा कितवा, कुणी काढला, कुणी तपासला, तपासला की नुसताच शिक्का मारला, हे बघणं माझं काम. या कामात माणसाला विश्वास ठेवायचा पगार मिळत नाही.

मेल माझ्या बायकोच्या पुस्तकाबद्दल होती. ती जाऊन तेव्हा आठ महिने झाले होते. ती इथल्या एका भारतीय शाळेत इतिहास शिकवायची. मुलं आपापसात इंग्रजीत बोलायची, तीही त्यांना इंग्रजीतच शिकवायची, आणि घरी येऊन मराठीत लिहायची. कल्हातच्या जुन्या इमारतींवर तिनं एक लहानसं पुस्तक लिहून ठेवलं होतं. एका प्रकाशकांनी ते छापायचं कबूल केलं होतं. त्याआधी त्यांनी ते वास्तुकलेच्या एका निवृत्त प्राध्यापकांना वाचायला दिलं होतं. मेल त्या प्राध्यापकांची होती.

पुस्तक चांगलं आहे, भाषा स्वच्छ आहे, असं त्यांनी लिहिलं होतं. मग: "एक अडचण आहे. घुमटाच्या इमारतीच्या बाहेरच्या भिंतीची जी लांबी दिली आहे तिच्यापेक्षा खालच्या तळघराची लांबी सुमारे दोन फूट जास्त भरते. हे शक्य नाही. लेखिका स्वतः खाली उतरल्या होत्या का? की हे प्रकरण ऐकीव माहितीवर लिहिलं आहे? तसं असेल तर गाळावं, असं मी सुचवेन." प्रकाशकांनी खाली दोन ओळी जोडल्या होत्या. पुस्तकातली निरीक्षणं लेखिकेची स्वतःची आहेत, असं वारस म्हणून मी सही करून द्यायचं होतं.

मी त्या दिवशी लवकर घरी आलो आणि हस्तलिखित काढलं.

कल्हात मस्कतपासून दक्षिणेला, सूरच्या अलीकडे, डोंगर आणि समुद्र यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीवर आहे. मध्ययुगात ते मोठं बंदर होतं. इथून घोडे हिंदुस्थानात जायचे. आज तिथे दगडांचे ढीग आहेत, तटाच्या भिंतीचे तुकडे आहेत, पाण्याचं एक टाकं आहे, आणि उतारावर एकटी उभी असलेली घुमटाची इमारत आहे. खाली समुद्राच्या कडेला शहराची जुम्मा मशीद होती. शहरात सगळ्यात आधी तीच दिसावी अशा जागी ती बांधलेली. तिच्या भिंतींवर इराणकडच्या चकाकत्या फरशा होत्या. आधी भूकंपानं तिला हलवलं, मग पोर्तुगीजांनी शहर जाळलं. आता चौथरा उरला आहे. माझ्या बायकोनं त्या मशिदीवर एक प्रकरण लिहिलं होतं. नुसत्या चौथऱ्यावरून खांब कुठे असतील, उजेड कुठून येत असेल, याचा तिनं अंदाज बांधला होता, आणि प्रत्येक अंदाजापुढे "बहुधा" लिहिलं होतं. त्या प्रकरणावर प्राध्यापकांची काही हरकत नव्हती.

हरकत होती ती घुमटाच्या प्रकरणावर, कारण तिथे "बहुधा" नव्हतं. इमारत चौकोनी. वर जाताना भिंतीचे चार कोपरे कमानींनी कापून आठ बाजू केलेल्या, आणि त्या आठ बाजूंवर घुमट बसवलेला. घुमटाचा बराच भाग पडला आहे. बाहेरून चुन्याचा गिलावा जिथे गेला आहे तिथे आतले दगड दिसतात, आणि त्यांत समुद्रातल्या प्रवाळाचे तुकडे आहेत, भोकं भोकं असलेले, हलके. भिंतीत टोकदार कमानींचे कोनाडे आहेत. त्यांना आरपार वाट नाही. कुणी सांगतं, राणीनं नवऱ्यासाठी ही कबर बांधली. कुणी सांगतं, ती राणीचीच. तिनं दोन्ही सांगून पुढे लिहिलं होतं: "कबर रिकामी आहे, त्यामुळे दोन्ही बाजूंना वाद घालणं सोपं जातं."

आणि मग तळघर. "मी खाली उतरले," असं पहिलं वाक्य. "टेप वरच राहिली होती, म्हणून खाली वितीनं मोजलं. एक वीत म्हणजे नऊ इंच." त्यापुढे सहा पानं. वरची कमान कशी दगड एकमेकांवर रेलून उभी आहे, हे तिनं कार्ल्याच्या लेण्याशी ताडून सांगितलं होतं. लेण्यातल्या कमानी कातळ कोरून काढलेल्या, त्या कसलाच भार उचलत नाहीत. इथली कमान खरोखर भार उचलते, तिच्याखाली बसलं की ते कळतं. लहानपणापासून लेणी बघत वाढलेल्या माणसालाच हे सुचेल. पुस्तकातली सगळ्यात चांगली पानं तीच.

पण तिला डॉक्टरांनी जिने चढायला मना केलं होतं. हृदयाची झडप नीट काम करत नव्हती. कल्हातला जायला मी तिला बंदी केली नाही, एवढाच माझा मोठेपणा. मी स्वतः एकदाही गेलो नाही. शुक्रवार हा माझा वाचनाचा वार. ती निघताना मी सांगायचो, चढू नकोस, उतरू नकोस. संध्याकाळी परत आली की विचारायचो. ती म्हणायची, "अहो, मी वरच असते. दगडावर बसून लिहिते."

तेव्हा दोहोंपैकी एक खोटं होतं. एक तर ती मला खोटं सांगत होती, नाहीतर वाचकांना. यातलं कोणतं मला हवं होतं, हे मला ठरवता येईना.

मग मी तिची टिपणवही काढली. बाहेरच्या भिंतींची मापं तिच्या अक्षरात होती, फूट आणि इंच, नीट रकाने करून. तळघराची मापं आली आणि अक्षर बदललं. वाकडेतिकडे, मोठाले मराठी आकडे, पेन दाबून लिहिलेले. पाच तर उलट्या चारासारखा. ऑफिसात असा कागद आला असता तर मी तो परत पाठवला असता: मोजणारा कोण?

कोण असू शकेल ते मला माहीत होतं. तिला कल्हातला नेणारा एक ड्रायव्हर होता. मस्कतच्या पश्चिमेला बरका गाव आहे, तिथल्या एका मळ्यावर भाजीची गाडी चालवायचा, शुक्रवारी मोकळा असायचा. तो कणकवलीकडचा, हिचं माहेर कुडाळकडचं. दोघं मालवणीत बोलायला लागली की मी अमरावतीचा माणूस बाहेरचा व्हायचो. दारात गाडी उभी राहिली की ती ज्या आवाजात "इलंय रे!" म्हणायची, तो आवाज घरात कधी नसायचा. हे मी तेव्हाही मनात नोंदवलं होतं. कबूल करायला लाज वाटते, पण नोंदवलं होतं.

मी त्याला फोन केला. म्हटलं, येत्या शुक्रवारी मला कल्हातला न्याल का.

"नेतंय की. बाईंच्या पुस्तकाचा काम हा?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"नायतर तुमी कित्या येतलास थंय?" मग मी काही विचारलं नसताना तो म्हणाला, "साहेब, खाली मीच गेलेलंय हां. तळघरात. बाई वर होती."

न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मिळालं की मी ते दोनदा वाचतो. फोन ठेवून मी त्याचं वाक्य जसंच्या तसं लिहून ठेवलं.

शुक्रवारी आम्ही सकाळी निघालो. वाटेत तो पावसाबद्दल, मळ्यावरच्या टोमॅटोबद्दल, त्याच्या अर्बाबच्या, म्हणजे मळ्याच्या मालकाच्या, नव्या उंटाबद्दल बोलला. माझ्या बायकोबद्दल बोलला नाही. कल्हातला आता घुमटाभोवती कुंपण आहे, दुरुस्तीचं काम चालतं. तिच्या वेळी कुंपण नव्हतं, कुणीही जात असे. आम्ही बाहेरूनच पाहिलं. मी इतक्या वेळा वाचलेली इमारत प्रत्यक्षात लहान होती, पिवळट, आणि पडक्या घुमटातून आकाश दिसत होतं. दाराजवळ खाली उतरणारी एक काळी फट होती. तिच्याकडे बघत मी विचारलं, "ती कुठे बसायची?"

"ह्या दगडार."

"दगड तर भर उन्हात आहे."

"तेव्हा सावली हुती."

"कशाची? इथे झाड कुठाय?"

"छत्री हुती, साहेब." तो हसला. "तुमी पोलिसात कित्या नाय गेलास?"

"आणि तुम्ही खाली एकटे?"

"एकटोच. मोबायलची बत्ती घेवन. वीतीन मापलंय, आकडे लिवलंय, वर येवन बाईंका वही दिलंय. खलास."

वहीतल्या वेगळ्या अक्षराशी ते जुळत होतं. सगळंच जुळत होतं, आणि तेच मला खटकत होतं. मी बॅगेतून ऑफिसची स्टीलची पट्टी काढली.

"हात दाखवा."

"नखां बघतास काय?"

"वीत. इथे ठेवा, बॉनेटवर."

"बॉनेटार नको, हाताची भाकरी होयत." त्यानं दार उघडून सीटवर हात पसरला. मोठा, चपटा हात, अंगठा आणि करंगळी जवळजवळ एका रेषेत जाणारी. मी पट्टी लावली. साडेनऊ इंच.

"आमच्या घराण्यात सगळ्यांचे हात असेच," तो खूश होऊन म्हणाला. "माझो आजो फणस चेंडवासारखो उचली."

मी तिथेच कागदावर हिशेब केला. तिनं वीत नऊ इंचांची धरली होती, तरी तळघर दोन फूट बाहेर जात होतं. त्याच्या वितीनं ते चार फूट बाहेर गेलं.

"तुमच्या हातानं मोजलं तर तळघर आणखी लांब होतं," मी म्हटलं. "भिंतीतून पलीकडे निघतं."

त्यानं कागद हातात घेतला. "काळोख हुतो, साहेब. काळोखात वीत हयथय होता."

"प्रत्येक वेळी एकाच बाजूला?"

तो जाऊन गाडीत बसला. परत येताना वाटेत चहाला थांबू का, असं त्यानं विचारलं नाही, आणि तो चहाशिवाय तीन तास गाडी चालवणारा माणूस नाही.

पुढचे काही दिवस मी माझ्या मनात एकामागून एक माणसं तळघरात उतरवली. शाळेतला एखादा सहशिक्षक. एखादा परदेशी संशोधक, ज्याचे आकडे तिनं आपले म्हणून घातले. दुसऱ्या कुणाचं तरी पुस्तक. शेवटच्या कल्पनेनं मला सगळ्यात जास्त त्रास झाला. ती मुलांच्या प्रोजेक्टमधली उचललेली वाक्यं वासावरून ओळखायची आणि त्यांना परत लिहायला लावायची. मी तिच्या टेबलाचे खण उपसले, पुस्तकं हलवली, त्यांच्यात ठेवलेल्या चिठ्ठ्या वाचल्या. किराण्याच्या याद्या होत्या. एका चिठ्ठीवर "ह्यांचा चष्मा" एवढंच होतं. माझा चष्मा दुरुस्तीला टाकायचा असेल. मी ती चिठ्ठीही उलटून पाहिली, मागे काही आहे का म्हणून.

कपाटाच्या मागे गुंडाळलेला एक चार्ट पेपर सापडला. ती शाळा सोडताना तिच्या वर्गानं दिलेला. मुलांनी हाताला रंग लावून छाप उठवले होते, तीसएक पंजे, लाल, हिरवे, पिवळे, आणि प्रत्येकाखाली इंग्रजीत नाव. मधोमध त्यांनी तिलाही छाप द्यायला लावला होता. निळा. बोटं पूर्ण फाकलेली, कारण मुलं ओरडली असणार, टीचर, नीट दाबा.

मी चार्ट जमिनीवर पसरला. चार कोपऱ्यांवर चार पुस्तकं ठेवली. पट्टी आणली.

अंगठ्याच्या टोकापासून करंगळीच्या टोकापर्यंत सव्वासात इंच. रंग पसरतो, म्हणून मी तीनदा मोजलं. सव्वासात.

वीत म्हणजे नऊ इंच, हे शाळेतलं कोष्टक. दोन विती म्हणजे एक हात, हात म्हणजे दीड फूट. आम्ही दोघांनी ते दोन वेगवेगळ्या जिल्ह्यांत, दोन वेगवेगळ्या मास्तरांकडून पाठ केलं होतं, आणि मास्तरांनी शिकवलेल्या गोष्टीवर तिनं कधी शंका घेतली नाही. स्वतःचा हात कोष्टकापेक्षा लहान असेल, हे तिच्या डोक्यातच आलं नसणार. वहीतल्या विती मी सव्वासातानं गुणल्या. तळघर आत बसलं. दोन्हीकडे भिंतीसाठी पावणेतीन फुटांच्या आसपास जागा उरली. दगड-चुन्याच्या जुन्या भिंतीला तेवढी लागतेच.

मोजणारा हात तिचा होता.

मला बरं वाटायला हवं होतं. पुस्तक खरं होतं. पण त्या खोलीत जमिनीवर बसून मला पहिल्यांदा हे समजलं की मग ती माझ्याशी खोटं बोलत होती, एकदा नव्हे, दर शुक्रवारी संध्याकाळी, मी पुस्तकातून मान वर न करता विचारायचो तेव्हा. आणि तो माणूस अजूनही खोटं बोलत होता. का?

पुढच्या शुक्रवारी मी बरक्याच्या मासळीबाजारात त्याला गाठलं. तो बांगडे घेत होता. मला बघून त्याच्या हातातली पिशवी खाली आली.

"साहेब? हय?"

"तुमच्या हातानं तळघर भिंतीबाहेर जातं," मी म्हटलं. "तिच्या हातानं आत बसतं. मी मोजलंय."

"बाईंचो हात तुमी खंयसून मापलास?"

मी चार्टचं सांगितलं. मासळीवाल्या ओमानी म्हाताऱ्यानं "यल्ला, यल्ला" करून आम्हाला बाजूला सारलं. आम्ही बर्फाच्या पेट्यांमागे जाऊन उभे राहिलो.

"मी नको म्हटलंय," तो म्हणाला. "धा वेळा म्हटलंय. बाई, नको, मी जातंय, मी मापतंय. तर म्हणाली, तू आमच्या साहेबांसारखो बोलू नको."

मी पेटीच्या कडेला टेकलो.

"मग बसान बसान उतारली. एक पायरी, मगे थांबली. एक पायरी, मगे थांबली. मी फुडे, बत्ती घेवन. खाली जावन भिंतीक हात लावन मापूक लागली, तोंडान आकडे सांगी, मी लिवी. चार वेळा चुकलंय मी त्या वहीत, पाच वेळा. माझा अक्षर बघून हसली."

"मग मला खोटं का सांगितलंत?"

"बाईंनी सांगितलेला, साहेबांका बोलू नको. मगे बाई गेली." तो पिशवीतल्या बांगड्यांकडे बघत होता. "तुमी फोन केलास तेव्हा माका वाटला, आता इचारतले. म्हणतले, त्या जिन्यान माझ्या बायलेचा हृदय गेला, नि उतरवली कोणी? ह्या ड्रायव्हरान."

"ती तो जिना उतरली ते जायच्या दोन वर्षं आधी, वहीत तारीख आहे. डॉक्टरांनी तसं काही म्हटलं नाही."

"व्हय. पण ता माका सांगूक कोण येतलो हुतो?"

अडीच वर्षांहून जास्त तो ते मनात धरून होता, आणि आठ महिने मी माझं, एकदाही तिच्याबरोबर न गेल्याचं. मी त्याला म्हटलं, जिन्यामुळे काही झालं नाही. त्यानं मान हलवली, पण त्याला पटलं की नाही, ते मला कळलं नाही. तो मला खूश करायला मान हलवतो, हेही मी आता ओळखतो.

"पुस्तकात तुमचं नाव घालू? मापं लिहून घेणारा म्हणून?"

"नको, नको. शुक्रवारची गाडी अर्बाबची हुती. तेका म्हायत नाय." मग पिशवीला गाठ मारत, "बाईंनी लिवलेला आसा मा, मी उतारलंय म्हणान? मगे तसाच ऱ्हवांदे."

"खाली काय केलं तिनं? मोजून झाल्यावर?"

"बसली. बत्ती बंद कर म्हणाली. मी म्हटलंय, बाई, काळोख हा. तर म्हणाली, बघूया तरी, कमान काय करता ती. बऱ्याच वेळ बसली. मगे म्हणाली, चल, साहेब वाट बघतले."

मी वाट बघत नव्हतो. वाचत होतो. ते मी त्याला सांगितलं नाही.

"पायऱ्या किती होत्या?" मी विचारलं. प्रकरणात तो आकडा नव्हता.

"बाई मोजी हुती," तो म्हणाला. "मी तिच्या पायांकडे बघी हुतंय."

त्या आठवड्यात मी प्राध्यापकांना उत्तर लिहिलं. प्रकरण गाळू नये. लेखिका स्वतः खाली उतरल्या होत्या. तळघराची मापं त्यांच्या स्वतःच्या वितीची आहेत, आणि ती वीत नऊ नव्हे तर सव्वासात इंचांची होती. सुधारलेली मापं सोबत जोडत आहे. मापं कशावरून सुधारली, असं ते विचारतील, म्हणून चार्टचा फोटो काढून जोडला, मुलांची नावं झाकून. प्रकाशकांच्या कागदावर सही केली. सगळ्यात खाली लिहिलं: पायऱ्यांची संख्या उपलब्ध नाही.